तपासणीच्या खोलीत न विचारलेला प्रश्न : कौटुंबिक डॉक्टरांना खुले पत्र

सर्व कौटुंबिक डॉक्टरांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र मनोविकारतज्ज्ञांना न लिहिता मुद्दाम आपल्याला लिहीत आहे, कारण जुगाराच्या विकाराने ग्रासलेला माणूस मनोविकारतज्ज्ञाच्या दारी फार उशिरा पोहोचतो आणि बहुधा पोहोचतच नाही. अमेरिकेतील दोन राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या आधारे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, हा विकार जडलेल्यांपैकी जेमतेम ७ ते १२ टक्के लोकांनी आयुष्यात कधी तरी त्यासाठी औपचारिक उपचार घेतले होते किंवा स्वमदत गटाची पायरी चढली होती. उरलेले कुठे जातात? ते आपल्याकडे येतात. पित्त होते म्हणून येतात, रात्री डोळा लागत नाही म्हणून येतात, छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढून घेतात आणि तो ठीक निघाला की सुटकेचा निःश्वास टाकण्याऐवजी थोडे हिरमुसूनच बाहेर पडतात. माझा धाकटा भाऊ असाच तीन वर्षे एका डॉक्टरांकडे जात होता.

त्याची ती फाइल आज माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर आम्लपित्त, दुसऱ्यावर निद्रानाश, मग डोकेदुखी, मग वजन कमी झाल्याची नोंद आणि त्यासाठी केलेल्या रक्ततपासण्यांचे नॉर्मल आलेले अहवाल. शेवटच्या पानावर ‘ताण कमी करावा’ असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. तंबाखू, धूम्रपान आणि मद्य या तीन छापील शब्दांपुढे ‘नाही’ अशी खूण आहे आणि ती अगदी खरी आहे. म्हणजे या माणसाला कोणतेही व्यसन नाही असे तो कागद सांगतो. आणि ज्या महिन्यांत तो कागद भरला गेला, त्याच महिन्यांत तो रोज रात्री न्हाणीघराचे दार आतून लावून, आवाज झाकण्यासाठी नळ थोडासा सोडून, चाळीस-चाळीस मिनिटे फोनवर पैसे लावत होता. तो नळाचा आवाज मी पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकला आहे. त्याला पोटाचा त्रास आहे असेच मला वाटे, आणि डॉक्टरांनाही तसेच वाटे.

त्या डॉक्टरांवर ठपका ठेवावा असा माझा हेतू नाही. त्यांच्या फॉर्मवर जे छापले होते ते त्यांनी विचारले. दारूला वास असतो, तंबाखूचे डाग दातांवर दिसतात, यकृताची तपासणी खोटे बोलत नाही. जुगाराला यांपैकी काहीच नसते. जीभ बाहेर काढायला सांगून किंवा पोट दाबून तो सापडत नाही. तो विचारावा लागतो, आणि विचारण्यासाठी आधी तो आपल्या कक्षेतला विषय आहे असे वाटावे लागते. इथेच गाडे अडते, आणि त्याला काही अंशी आपली भाषाही जबाबदार आहे असे मला वाटते.

मराठीत या गोष्टीला आपण ‘नाद’ म्हणतो. नाद गाण्याचा असतो, पतंगाचा असतो, तसाच तो जुगाराचाही असतो. जो नादी लागला त्याने नाद सोडावा, एवढाच उपाय त्या शब्दाच्या पोटात असतो. ‘जुगारी’ हा शब्द तर शिवीच्याच घरातला. आणि हरलेल्या पैशांबद्दल आपण म्हणतो, ‘उडवले’. उडवणाऱ्याने काही तरी मौज केली असणार असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या भावाकडे पाहून सांगतो, शेवटच्या वर्षभरात मौज नावालाही शिल्लक नव्हती. जिंकल्यावरही त्याचा चेहरा खुलत नसे, कारण जिंकलेली रक्कम ही त्याच्या लेखी पुढच्या डावाचे भांडवल होती आणि ती संपेपर्यंत त्याला उठता येत नसे. नादात रमणारा माणूस आणि हा माणूस यांना एकच शब्द लावणे म्हणजे भूक लागलेल्याला आणि बुलिमिया (अनावर खाऊन ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याचा विकार) झालेल्याला ‘खादाड’ म्हणण्यासारखे आहे.

वैद्यकशास्त्रालाही हे कळायला वेळ लागलाच. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने आपल्या निदान-पुस्तिकेत हा विकार पहिल्यांदा घेतला तो १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीत, आणि तेव्हा त्याला जागा मिळाली ती आवेग आवरता न येण्याच्या विकारांमध्ये, म्हणजे गरज नसताना वस्तू चोरण्याच्या आणि आगी लावण्याच्या विकारांच्या शेजारी. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला तिथून उचलून दारू, अफू आणि कोकेन यांच्या पंक्तीत, व्यसनविकारांच्या प्रकरणात आणून बसवले गेले. कोणताही पदार्थ शरीरात न जाता जडणारा असा तो त्या प्रकरणातला एकमेव मान्य विकार ठरला. याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो. जुन्या निकषांमध्ये पैशांसाठी फसवणूक, चोरी यांसारखे कायदाभंगाचे कृत्य हाही एक निकष होता. तो वगळण्यात आला आणि दहाचे नऊ निकष झाले. गुन्हा घडेपर्यंत आजार ओळखायला थांबायचे नाही, असा त्याचा अर्थ मी सामान्य माणूस म्हणून लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यातही हा विकार व्यसनाधीन वर्तनांखालीच असून प्रत्यक्ष खेळला जाणारा आणि ऑनलाइन खेळला जाणारा असे त्याचे उपप्रकार दिलेले आहेत. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १.२ टक्के लोकांना हा विकार आहे. आपल्या रुग्णांच्या यादीत किती प्रौढ नावे आहेत ते पाहिले, तर या आकड्याचा अर्थ आपल्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

तरीही मनात एक शंका उरते, आणि ती माझ्याही मनात बराच काळ होती. दारू मेंदूत जाऊन काही तरी करते हे समजते, पण पत्त्यांत, चाकात किंवा पडद्यावर फिरणाऱ्या चित्रांत असे कोणते रसायन आहे? उत्तर असे की रसायन मेंदूतच असते, खेळ फक्त त्याची कळ दाबतो. चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की, डोपामाइन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या चेतापेशी फळाच्या रसाच्या थेंबाला जेवढा प्रतिसाद देतात, त्याहून अधिक त्या थेंबाच्या अनपेक्षितपणाला देतात. थेंब ठरल्याप्रमाणे मिळू लागला की त्या शांत होतात. त्यांच्याच गटाच्या २००३ मधील प्रयोगात संकेत मिळाल्यापासून बक्षीस मिळेपर्यंतच्या काळातील या पेशींची हळूहळू चढत जाणारी हालचाल सर्वाधिक होती ती बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी असताना, म्हणजे अनिश्चितता कमाल असताना. जुगाराचा सारा धंदा हीच अनिश्चितता विकतो. कबुतरांवरच्या प्रयोगांतून मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी त्याच्याही कितीतरी आधी सांगून ठेवले होते की, कितव्या टोचीला दाणा पडेल हे ठरलेले नसले की कबुतर सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत चिकाटीने टोचत राहते.

यात जुगाराची, चित्रे फिरवणारी यंत्रे घडवणाऱ्यांनी आपली भर घातली आहे. तीनपैकी दोन चित्रे जुळून तिसरे अगदी रेषेखाली थांबते, ती ‘थोडक्यात हुकलेली’ फेरी हिशेबाच्या दृष्टीने निव्वळ हार असते. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या स्कॅनवरील एका अभ्यासात अशा फेरीने जिंकल्यावर उजळणारेच काही भाग उजळवलेले दिसले, आणि पुन्हा खेळण्याची इच्छाही वाढलेली आढळली. माझा भाऊ हरलेल्या रात्रीनंतर सकाळी ‘काल थोडक्यात गेले’ म्हणायचा. मला ती सबब वाटे. आता वाटते, त्याचा मेंदू त्याला जे सांगत होता तेच तो प्रामाणिकपणे मला सांगत होता.

त्याला गणित येत नव्हते अशातलाही भाग नाही. युरोपीय रुले या कॅसिनोतल्या खेळाच्या फिरत्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेले पैसे लागले तर ते परत मिळून वर ३५ पट मिळतात. यातून दर शंभर रुपयांमागे सरासरी सुमारे २.७ रुपये चालवणाऱ्याच्या खिशात जातात, हे त्यानेच मला कागदावर मांडून दाखवले होते. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ च्या ऑगस्टमध्ये चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडला आणि ‘आता तरी लाल येणारच’ म्हणून लोक लाखो फ्रँक हरले, ही कथा तो हसत हसत सांगायचा. ती सांगून झाल्यावर रात्री तो स्वतः तेच करायचा. ज्यांना वाटते की शक्यताशास्त्राचे चार धडे दिले की माणूस शुद्धीवर येईल, त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाची आकडेवारी पाठ असलेला धूम्रपान करणारा आठवून पाहावा. आपल्यापैकी काही जण तर तसे डॉक्टरच असतील. ही थट्टा गोड मानून घ्यावी.

हा विकार चारित्र्याचा नसून मेंदूचा आहे, याचा माझ्या मते सर्वांत सबळ पुरावा आपल्याच औषधांच्या कपाटात आहे. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांना प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी डोपामाइनसारखे काम करणारी औषधे दिली जातात. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० पार्किन्सन-रुग्णांचा जो मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ५ टक्के रुग्णांमध्ये जुगाराची अनावर ओढ आढळली, आणि जुगार, अनिर्बंध खरेदी, अनिर्बंध खाणे, अतिरेकी कामेच्छा या चारांपैकी किमान एक तरी वर्तन १३.६ टक्के रुग्णांत होते. या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर ती न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. जन्मभर काटकसरीने राहिलेली, पैजेच्या वाटेलाही न गेलेली सत्तरीची माणसे गोळी सुरू झाल्यावर बचत पणाला लावू लागतात, आणि मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर त्यांच्यापैकी अनेकांची ती ओढ ओसरते. संस्कार तेच, इच्छाशक्ती तीच, माणूस तोच. बदलते ती फक्त गोळी. अॅरिपिप्राझोल या मनोविकारावरील औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये असाच इशारा दिला आहे. यांपैकी कोणतेही औषध चालू असलेला रुग्ण आपल्याकडे रक्तदाब तपासायला आला, तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण ज्येष्ठ माणूस लाजेपोटी तो स्वतःहून सांगणार नाही आणि त्याचा गोळीशी काही संबंध असू शकतो हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. अर्थात ती गोळी घरच्यांनी परस्पर बंद करू नये, कारण ती एकदम थांबवण्याचे त्रासही मोठे असतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

सगळ्यांचा आजार गोळीतून येत नाही. जुळ्यांवरील अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे. बाकीचे काम लहान वयात लागलेली सवय, हाताशी असलेला खेळ, एकटेपणा आणि नैराश्य करतात. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (२००५) या विकाराच्या माणसांपैकी ७३ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मद्याचा विकार आणि जवळजवळ निम्म्यांना मनःस्थितीचा विकार जडलेला आढळला. त्यामुळे दारूसाठी किंवा उदासीसाठी आपण ज्याच्यावर आधीच उपचार करत आहात, त्याच्यात हा तिसरा पाहुणा लपलेला असण्याची शक्यता बरीच आहे. उलटही एक सावधगिरी हवी. उन्मादाच्या (मेनिया या मनोविकाराच्या) झटक्यात माणूस चार दिवस बेफाम पैसे लावतो. तो उन्मादाचा भाग असतो आणि त्याला जुगाराचा विकार म्हणायचे नसते.

निकष आपण पुस्तकात पाहालच. बारा महिन्यांत नऊपैकी चार आढळले तर निदान होते. मला त्यांतल्या दोनच निकषांविषयी लिहायचे आहे, कारण ते मी घरात राहून पाहिले आहेत. एक, हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात हे ‘गेलेले काढायचे’ असे येते. यात लोभ फार थोडा असतो. लोभी माणूस जिंकल्यावर उठतो. याला फक्त शून्यावर परत यायचे असते, पहिल्या डावाच्या आदल्या दिवशी तो जिथे होता तिथे. आणि ते शून्य रोज आणखी दूर सरकत असते.

दुसरा निकष म्हणजे पैशांच्या अडचणीतून सुटण्यासाठी इतरांवर विसंबणे, आणि त्यातला ‘इतर’ म्हणजे मी. मी त्याची देणी चार वेळा फेडली. हिशेब ठेवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे प्रत्येक वेळी मी वहीत रकाने आखले, नाव, मुद्दल, व्याज, तारीख. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. बेरीज केली, मुदत ठेव मोडली, एकेकाला पैसे पोचते केले आणि पावत्या फाइलला लावल्या. चारही वेळा नंतर कळले की त्या यादीत एक ओळ कमी होती, आणि ती नेहमी सर्वांत मोठ्या देण्याची होती. ते देणे त्याने स्वतःसाठी मागे ठेवलेले असे; ते मात्र आपण जिंकून फेडू आणि दादाला दाखवू, असे त्याच्या मनात असे. पुढे समुपदेशक बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांना जराही नवल वाटले नाही. ‘एक ओळ असतेच मागे ठेवलेली,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी आजार बरा करतो आहे अशा समजुतीत चार वेळा त्याला खेळायला नवी जागा करून देत होतो. त्या काळात मला एखाद्या डॉक्टरांनी, तंबाखू सोडा म्हणतात तशा अधिकाराने, ‘कर्ज फेडू नका, आधी उपचार सुरू करा, पैशांचा ताबा दुसऱ्याकडे द्या आणि मग सावकाश हप्ते बांधा’ असे सांगितले असते, तर मी ऐकले असते. भावकीतल्या कोणाचे मी ऐकले नव्हते, कारण त्या सल्ल्यात मला त्यांचा राग ऐकू येत होता.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात अडतो, पण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. स्वीडनमध्ये रुग्णालयांच्या आणि उपचारकेंद्रांच्या राष्ट्रीय नोंदींवरून केलेल्या २०१८ मधील अभ्यासात, जुगाराच्या विकाराचे निदान झालेल्या माणसांमध्ये आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे १५ पट आढळले. हे प्रमाण निदानापर्यंत पोहोचलेल्यांचे, म्हणजे बहुधा अधिक गंभीर रुग्णांचे आहे हे मान्य केले, तरी तो आकडा पाहून आपण खुर्चीत सावरून बसाल. माझ्या अनुभवात सर्वांत धोक्याचा काळ मोठी रक्कम हरल्याच्या रात्रीपेक्षा घरात सगळे उघडकीला आल्यानंतरचा होता. खोटेपणाचा आधारही गेला होता आणि समोरच्यांचे चेहरे दिसत होते. अशा वेळी ‘जगू नये असे वाटते का’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे, विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे आपल्याला प्रशिक्षणातच शिकवलेले असते. नैराश्याच्या रुग्णाला आपण ते विचारतही असाल. कर्जाची गोष्ट सांगून खाली मान घालून बसलेल्या माणसालाही तोच प्रश्न तितक्याच तातडीने विचारला जावा, एवढीच विनंती आहे.

विचारायचे कसे, यासाठी फार काही लागत नाही. १९९७ पासून वापरात असलेली एक चाचणी अवघ्या दोन प्रश्नांची आहे. पूर्वीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेत अशी गरज तुम्हाला कधी वाटली आहे का? आणि आपण किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर सविस्तर चौकशी करायची. रक्तदाबाचा पट्टा हाताला गुंडाळेपर्यंत हे विचारून होते. मात्र सुरुवातीलाच ‘जुगार’ हा शब्द वापरू नये असे मी सुचवीन, कारण सामन्यावर पैज लावणारा, फोनवर पत्ते खेळणारा आणि लॉटरीची तिकिटे घेणारा यांपैकी कोणीच स्वतःला जुगार खेळणारा समजत नाही. ‘पैसे लावून काही खेळता का’ असे विचारले की उत्तर येते. आणि पत्नी किंवा वडील शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना विचारू नये. दुसरा प्रश्न खोटे बोलण्याविषयीचा आहे, आणि ज्यांच्याशी खोटे बोलले गेले ते समोर असताना त्याचे खरे उत्तर कोण देईल?

घरची माणसेही आपल्याकडेच येतात, हे इथे नोंदवून ठेवतो. २०१७ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाच्या अंदाजानुसार, गंभीर अडचणीत सापडलेल्या एका खेळणाऱ्यामागे सुमारे सहा माणसे होरपळतात. आमच्या घरातली होरपळ कोणत्या रूपात आली ते सांगतो : माझ्या भावजयीचा रक्तदाब वाढला आणि आईची साखर आटोक्यात राहीना. दोघींच्या गोळ्यांची मात्रा वाढवली गेली.

उपचारांविषयी मी बोलावे असे नाही, परंतु ‘यावर औषध कुठे आहे’ असे उद्गार मी काही डॉक्टरांच्याही तोंडून ऐकले आहेत, म्हणून थोडे लिहितो. केवळ याच विकारासाठी अमेरिकेच्या नियामक संस्थेने मान्य केलेले एकही औषध नाही, हे खरे आहे. मद्य आणि अफू यांच्या व्यसनात वापरले जाणारे नॅलट्रेक्सोन काही चाचण्यांत ओढ कमी करताना दिसले आहे आणि तज्ज्ञ ते विचारपूर्वक देतात. पण सर्वाधिक आधार आहे तो बोलण्यातून होणाऱ्या उपचारांना, विशेषतः विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीला. माझ्या भावाच्या बाबतीत त्या उपचारांचा पहिला महिना फक्त नोंदी करण्यात गेला : ओढ कधी आली, त्याआधी काय झाले होते, हातात किती पैसे होते, मनात कोणते वाक्य आले. त्या वहीतून जे निघाले ते आम्हा कोणाच्याही तर्कात बसणारे नव्हते. पगाराच्या दिवशी त्याला ओढ लागत नसे. ती लागे ती एखाद्या हप्त्याची आठवण करून देणारा संदेश आल्यावर. मग उपाय साधा निघाला. ते सगळे संदेश भावजयीच्या फोनवर वळवले गेले, खात्यावर दोघांच्या सह्या लागू लागल्या, फोनवर अशा संकेतस्थळांना अडवणारे सॉफ्टवेअर बसवले गेले आणि जिथे सोय होती तिथे त्याने स्वतःला खेळबंदी लावून घेतली. यांतला प्रत्येक अडसर ओलांडता येतो, हे मला माहीत आहे. पण ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. अडसर ओलांडायला पंधरा मिनिटे लागली, तर पुष्कळदा तेवढ्यात लाट उतरलेली असते. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या गॅम्बलर्स अॅनॉनिमस या स्वमदत गटाचाही अनेकांना आधार वाटतो. माझ्या भावाला तिथे फारसे रुचले नाही, पण पहिल्याच बैठकीत एका अनोळखी माणसाने न्हाणीघरातल्या नळाची गोष्ट सांगितली तेव्हा आपण एकटे नाही हे त्याला कळले, आणि तेवढ्यासाठी तो त्या बैठकीची आठवण आजही काढतो. वर उल्लेखलेल्या २००६ च्या अभ्यासात, एके काळी हा विकार असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना गेल्या वर्षभरात त्याचा कोणताही त्रास उरला नव्हता, हेही सांगायला हवे. या आजाराचे निदान म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, आणि तसे रुग्णाला सांगता येण्याची मोकळीक आपल्याला शास्त्रानेच दिली आहे.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे, कारण तो माझ्या वडिलांनी जेवणाच्या ताटावर घेतला होता : ‘आजार म्हटले की सुटला, मग देणी कोण देणार?’ देणी त्यालाच द्यायची आहेत आणि तो देतो आहे. अजून सहा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. मधुमेहाच्या माणसाला आपण आजारी म्हणतो म्हणून त्याला मिठाईच्या दुकानात मोकळे सोडत नाही. पथ्य त्याचे त्यालाच पाळावे लागते. माझ्या भावाच्या बाबतीत तर जबाबदारी घेणे आजाराचे नाव मिळाल्यानंतरच सुरू झाले. जोवर तो स्वतःला नालायक समजत होता, तोवर नालायकाने काय करायचे ते ठरलेलेच होते. निदान झाल्यावर मात्र उद्या सकाळी काय करायचे याला उत्तर आले.

ते निदान चौथ्या वर्षी झाले, आणि तेही योगायोगाने. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते म्हणून तो दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीण बाईंकडे झोपेच्या गोळ्या संपल्या म्हणून गेला. त्यांनी जुनी फाइल शांतपणे शेवटपर्यंत चाळली, मी बरोबर होतो म्हणून मला बाहेर बसायला सांगितले, आणि दहा मिनिटांनी दार उघडले तेव्हा माझा भाऊ रुमालाने तोंड पुसत होता. ‘रात्री झोप लागत नाही तेव्हा जागे राहून काय करता?’ एवढाच त्यांचा पहिला प्रश्न होता, असे त्याने मला नंतर सांगितले. तीन वर्षांत कोणीही, मी धरून, त्याला हे विचारले नव्हते. त्यांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, पण स्वतःचे दारही उघडे ठेवले आणि दर महिन्याला येऊन जायला सांगितले.

आपल्याकडे मागणे इतकेच आहे की, आपल्या नोंदपत्रावर तंबाखू, धूम्रपान आणि मद्य यांच्या ओळीत चौथा शब्द घालावा. नवी पत्रे छापून येईपर्यंत तो हातानेही लिहिता येईल. त्या डॉक्टरीण बाई तसेच करतात. भावाच्या नव्या फाइलच्या पहिल्या पानावर छापील शब्दांच्या शेवटी त्यांनी निळ्या पेनने ‘पैसे लावून खेळ’ असे लिहिले आहे आणि पुढे शेवटचा डाव कधी झाला ती तारीख. दर भेटीत त्या पेन पुढे करतात आणि ती तारीख तपासून पाहायला त्यालाच सांगतात. गेल्या वेळी मी ते पान पाहिले तेव्हा दोन तारखा खोडलेल्या होत्या आणि तिसरी, गेल्या वर्षीची, अजून तशीच होती.

आपला,
एका रुग्णाचा मोठा भाऊ